फॉर्म वाटण्याआधी विचारा : संशोधन समित्यांना एक खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांच्या संशोधन समित्यांचे सन्माननीय सदस्य आणि मार्गदर्शक

विषय : आराखडा मंजूर करताना मापनाविषयी विचारायचे राहून जाणारे प्रश्न

स. न. वि. वि.

मी संख्याशास्त्राचा माणूस. तुमच्या विद्यार्थ्यांच्या वाटेवर माझे घर अगदी शेवटी लागते. विषय ठरलेला असतो, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा मंजूर झालेला असतो, फॉर्म भरून झालेले असतात, गाईडनी ‘आता अ‍ॅनालिसिस करून घ्या’ असे सांगितलेले असते. मग एक्सेलची फाइल घेऊन कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसते आणि विचारते, ‘सर, याला कोणती टेस्ट लावायची?’

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात म्हटले होते की, प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणे हे पुष्कळदा शवविच्छेदनासारखे असते. फार तर प्रयोग कशाने दगावला तेवढे तो सांगू शकेल. मी ही शवविच्छेदने बरीच वर्षे करतो आहे. त्यामुळे मृत्यूची कारणे आता तोंडपाठ झाली आहेत, आणि त्यातली बहुतेक माझ्या टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी, तुमच्या टेबलावर दिसू शकली असती. म्हणून हे पत्र.

एक उदाहरण सांगतो. व्यवस्थापनाची एक विद्यार्थिनी आली होती. विषय होता कर्मचाऱ्यांची संस्थेशी बांधिलकी आणि त्यांची कामगिरी. फाइलमध्ये चारशेच्या वर ओळी, एकही रकाना रिकामा नाही. कष्ट दिसत होते. कामगिरी मोजायला सहा विधाने होती : ‘मी माझे काम वेळेत पूर्ण करतो’, ‘माझ्या कामाचा दर्जा चांगला असतो’, अशी. उत्तरे बघितली तर जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी चार किंवा पाच दिलेले. कोण स्वतःच्या हाताने लिहील, की माझ्या कामाला दर्जा नाही? मी विचारले, वरिष्ठांनी केलेले मूल्यमापन आहे का? नाही. हजेरी, चुका, पूर्ण झालेली कामे, काही नोंदी? नाही. म्हटले, मग तुमच्याकडे कामगिरी नाहीच. स्वतःच्या कामगिरीबद्दलचे लोकांचे मत आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘सर, हे मला सिनॉप्सिसच्या वेळी कुणी का नाही विचारले?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न योग्य पत्त्यावर पाठवतो आहे.

तिचा आराखडा मी नंतर मागून वाचला. मापनाविषयी त्यात तीन ओळी होत्या. पहिली : ‘साधन – स्वनिर्मित प्रश्नावली, पाच बिंदू लिकर्ट श्रेणी.’ दुसरी : ‘नमुना – ३८४.’ तिसरी : ‘विश्वसनीयता – क्रोनबॅक अल्फा ०.७ पेक्षा जास्त असल्याची खात्री केली जाईल.’ (बाहेरच्या वाचकासाठी : लिकर्ट श्रेणी म्हणजे ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी क्रमाने दिलेली उत्तरे; विश्वसनीयता म्हणजे मापनाचा भरवसा; आणि अल्फा म्हणजे विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा.) या तीन ओळी तुम्हीही शेकडो वेळा वाचल्या असतील. मानसशास्त्राच्या आराखड्यात ‘स्वनिर्मित’च्या जागी एखाद्या प्रसिद्ध चाचणीचे नाव येते, एवढाच फरक. या ओळी दिसल्या की पान उलटले जाते. माझी तक्रार त्या पान उलटण्याविषयी आहे.

पहिली ओळ घेऊ, कारण खरी गफलत तिथेच होते.

प्रश्नावली ‘स्वनिर्मित’ आहे म्हणजे नेमके काय झाले आहे? बहुतेक वेळा असे झालेले असते की चार जुन्या प्रबंधांतून विधाने उचलली, काही बदलली, काही मनाची घातली, दोन तज्ज्ञांना दाखवली, त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटले. वास्तविक नवी मापनश्रेणी, म्हणजे एखादी गोष्ट मोजणारा विधानांचा संच, तयार करणे हे एका प्रबंधाएवढे काम आहे. संकल्पनेची व्याख्या करायची, ती कशाकशाहून वेगळी आहे ते सांगायचे, लागतील त्याच्या दुप्पट-तिप्पट विधाने लिहायची, ज्यांना ती विचारायची त्यांच्यातल्या काहींना ती मोठ्याने वाचायला लावून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारायचे, मग एका गटावर घटक विश्लेषण (कुठली विधाने एकत्र पडतात ते पाहणे) आणि दुसऱ्या, वेगळ्या गटावर त्याची पडताळणी. हे सगळे ‘साधन’ या मथळ्याखालच्या एका परिच्छेदात कसे मावेल? तरीही समिती ‘यात नावीन्य काय?’ असे विचारते आणि विद्यार्थी स्वतःची प्रश्नावली हेच नावीन्य म्हणून पुढे करतो. चांगली तपासलेली श्रेणी उपलब्ध असताना घरी केलेली वापरणे याला मी नावीन्य म्हणणार नाही.

त्याच्याही आधीचा प्रश्न नावाचा आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९०४ मध्ये एका सापळ्याकडे बोट दाखवले होते : दोन गोष्टींना एकच नाव दिले की त्या एकच आहेत असे वाटू लागते. ट्रूमन केली यांनी १९२७ मध्ये त्याची उलटी बाजू दाखवली : एकाच गोष्टीला दोन नावे दिली की त्या दोन वाटू लागतात. व्यवस्थापनाचे कुठलेही नियतकालिक उघडा आणि नोकरीतले समाधान, बांधिलकी, कामातली गुंतवणूक, संस्थेशी एकरूपता हे शब्द शेजारी ठेवा. मग त्यांच्या प्रश्नावल्या शेजारी ठेवा. ‘मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो’ हे विधान यातल्या कुठल्या पेटीत जाईल? मी तरी पैज लावणार नाही. अशा दोन पेट्यांमध्ये ०.८ चा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) सापडला की प्रबंधात लिहिले जाते, ‘गुंतवणुकीचा समाधानावर लक्षणीय परिणाम होतो.’ तोच प्रश्न दोनदा विचारला, तेच उत्तर दोनदा आले, यापलीकडे त्यात काही असेलच असे नाही.

ली क्रोनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये संकल्पनेच्या सप्रमाणतेवर, म्हणजे चाचणी जे मोजते म्हणते तेच मोजते का यावर, जो लेख लिहिला, त्याचा गाभा हाच होता की आपण काय मोजतो आहोत ते चाचणीच्या नावावरून ठरत नाही. ती चाचणी कशाकशाशी जुळते आणि कशाकशाशी जुळत नाही, या जाळ्यावरून ठरते. चारच वर्षांनी डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्के यांनी ते तपासायची रीत दिली : निदान दोन गुण निदान दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजा. एकच गुण दोन पद्धतींनी मोजला तर आकडे जुळायला हवेत. दोन वेगळे गुण एकाच पद्धतीने मोजले तरी ते फार जुळता कामा नयेत. १९५९ ची ही गोष्ट. त्यानंतर जन्मलेली माणसे सेवानिवृत्त झाली, पण आपले आराखडे अजून ‘तज्ज्ञांकडून सप्रमाणता तपासली जाईल’ या वाक्यावरच उभे आहेत.

बोलणे आणि वागणे यांतले अंतर हा तर जुनाच विषय. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड लापिएर हे समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी दांपत्याबरोबर अमेरिकाभर मोटारीने फिरले. चिनी लोकांविषयी तिथे उघड पूर्वग्रह असण्याचा तो काळ. २५१ हॉटेले आणि उपाहारगृहांमध्ये ते गेले. नकार मिळाला फक्त एकदा. सहा महिन्यांनी त्यांनी त्याच ठिकाणी पत्राने विचारले, तुम्ही चिनी ग्राहक स्वीकाराल का? १२८ उत्तरे आली आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त उत्तरे ‘नाही’ अशी होती. या अभ्यासातही उणिवा आहेत. दारात स्वागत करणारा माणूस आणि पत्राला उत्तर देणारा माणूस एकच होता का, हे त्यातून कळत नाही. शिवाय गोरा प्राध्यापक सोबत असण्याचा परिणाम वेगळाच. पण ‘खरेदीचा हेतू’ पाच बिंदूंवर मोजून ‘ग्राहकांचे खरेदी वर्तन’ असे शीर्षक देणाऱ्या प्रत्येक आराखड्याच्या वेळी लापिएर आठवावेत एवढे बळ त्या आकड्यांत नक्की आहे.

वर्तन मोजायचे तर नोंदी घ्याव्यात, हे ओघाने आलेच. पण नोंद म्हणजे आपोआप सत्य, असेही नाही. विक्रेत्याची विक्री त्याच्या कौशल्याइतकीच त्याच्या वाट्याला आलेल्या भागावर अवलंबून असते. गैरहजेरीच्या नोंदीत आजारपण, घरची अडचण आणि कंटाळा एकाच रकान्यात बसतात. समितीने विचारायचे ते हेच : या आकड्यात तुम्हाला हवे ते किती आहे, नको ते किती मिसळले आहे, आणि हवे असूनही निसटले ते काय? विद्यार्थ्याने याचे उत्तर एका पानात लिहिले, तर तो पुढची दोन वर्षे चुकीच्या दिशेने चालण्यापासून वाचेल.

मानसशास्त्राच्या आराखड्यांत हीच गफलत भाषांतराच्या रूपाने येते. चाचणी नामांकित असते, पण ती ज्या भाषेत तयार झाली त्याहून वेगळ्या भाषेत वापरली जाते. नैराश्याची लक्षणे मोजणारी १९७७ ची एक वीस विधानांची इंग्रजी श्रेणी आजही जगभर वापरात आहे. तिच्या एका विधानात ‘ब्लूज’ झटकून टाकता आले नाहीत, असा वाक्प्रयोग आहे. शब्दकोश घेऊन बसलेला अनुवादक निळ्या रंगापाशी अडकेल. जाणता माणूस ‘मरगळ’ किंवा ‘उदासी’ लिहील. पण मरगळ अंगाची असते आणि उदासी मनाची. आपण कुठली निवडली यावर कोण हो म्हणेल ते बदलते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून ताडून पाहण्याची) पद्धत मांडली, ती उपयोगी आहे. पण उलट भाषांतर शब्द परत आणते, अर्थ परत येईलच असे नाही. आणि या श्रेणीवर १६ किंवा अधिक गुण म्हणजे नैराश्याची शक्यता, ही सीमारेषा मूळ भाषेतल्या लोकांवरून आलेली आहे. भाषा बदलली, लोक बदलले, तरी रेषा मात्र तिथेच! असा निष्कर्ष घेऊन ‘इतके टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असे छापून येते तेव्हा मला भीती वाटते, कारण तो आकडा पुढे धोरणे ठरवायलाही वापरला जाईल.

आता दुसरी ओळ. ३८४.

हा आकडा इतका पवित्र झाला आहे की तो कुठून आला हे विचारणेही उद्धटपणाचे वाटावे. रॉबर्ट क्रेजसी आणि डॅरिल मॉर्गन यांनी १९७० मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. लोकसंख्या मोठी असेल तर त्यात उत्तर येते ३८४. त्यामागचे गणित एवढेच : ३.८४१ गुणिले ०.२५, भागिले ०.००२५. म्हणजे एखाद्या गोष्टीला ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आहे असे धरले, पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली आणि ९५ टक्के खात्री मागितली, तर तेवढी माणसे लागतात. तीसुद्धा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी देऊन घेतलेली. सर्वेक्षणात ‘किती टक्के लोक’ हे शोधायला हा तक्ता चांगला आहे.

पण तुमच्या विद्यार्थ्याला टक्का शोधायचा नसतो. त्याला दोन गटांतला फरक किंवा दोन चलांमधला, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या दोन गोष्टींमधला, संबंध तपासायचा असतो. त्याचे गणित वेगळे. जेकब कोहेन यांच्या रीतीने, ०.०५ ही सार्थकता पातळी (परिणाम नसताना तो ‘सापडण्याचा’ धोका पाच टक्के) आणि ८० टक्के सामर्थ्य (परिणाम असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरले, तर दोन गटांत मध्यम फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ माणसे पुरतात. फरक लहान असेल तर प्रत्येक गटात ३९० च्या वर लागतात. ०.३ चा सहसंबंध ८५ च्या आसपास माणसांत पकडता येतो, ०.१ चा असेल तर ७८० च्या आसपास हवीत. म्हणजे ३८४ ही संख्या काही प्रश्नांना चौपट जास्त आहे आणि काहींना निम्मीच. आराखड्यात नमुन्याचा आकडा लिहिण्याआधी विद्यार्थ्याने सांगायला हवे की किती मोठा परिणाम सापडला तर तो व्यवहारात महत्त्वाचा मानायचा. अवघड प्रश्न आहे खरा. पण त्याचे उत्तर देता येत नसेल तर आपण काय शोधतो आहोत हेच अजून ठरलेले नाही.

त्यात आणखी एक छुपी गळती आहे. चारशे कर्मचारी वीस तुकड्यांतून, प्रत्येकी वीस असे घेतले. एका तुकडीतली माणसे एकाच वरिष्ठाखाली, एकाच खोलीत. त्यांची उत्तरे थोडी एकमेकांसारखी येणारच. तुकडीमुळे येणारा हा सारखेपणा अवघा ०.१ असला तरी त्या चारशे माणसांची माहिती साधारण १३८ स्वतंत्र माणसांच्या मोलाची उरते. वर्गातले विद्यार्थी, शाखेतले कर्मचारी, विभागातल्या परिचारिका, सगळीकडे हेच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला गूगल फॉर्म हा कुठल्याच अर्थाने यादृच्छिक नमुना नव्हे. सोयीचा नमुना घेणे हा गुन्हा नाही, बऱ्याचदा दुसरा मार्गही नसतो. पण मग त्याला सोयीचा नमुना असेच म्हणावे आणि क्रेजसी-मॉर्गन यांना त्यात ओढू नये.

तिसरी ओळ, ०.७. इथे थोडी आकडेमोड करतो, कारण याबाबतीत तोंडी सांगून कुणाला पटत नाही असा माझा अनुभव आहे.

क्रोनबॅक यांनी १९५१ मध्ये अल्फाची मांडणी केली. तो दोन गोष्टींवर हलतो : विधाने एकमेकांशी सरासरी किती जुळतात, आणि विधाने किती आहेत. सरासरी जुळणी अगदीच क्षीण, ०.२ धरा. पाच विधाने असतील तर अल्फा येतो ०.५६. दहा विधानांना ०.७१. वीस विधानांना ०.८३. विधाने तितकीच ढिसाळ, फक्त संख्या वाढली आणि श्रेणी ‘विश्वसनीय’ ठरली. आता दुसरी गंमत. वीस विधाने घ्या. पहिली दहा एकमेकांशी ०.४ जुळणारी, उरलेली दहा एकमेकांशी ०.४ जुळणारी, पण या दोन गटांचा आपसात संबंध शून्य. म्हणजे सरळसरळ दोन वेगळ्या गोष्टी. एकत्र अल्फा किती? ०.८२. अल्फा उत्तम आला म्हणून ‘श्रेणी एकच गोष्ट मोजते’ असे लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे गणित एकदा कागदावर करून बघावे. उलट, एकच वाक्य तीन प्रकारे फिरवून विचारले तर तीन विधानांतही अल्फा ०.९ च्या वर नेता येतो. त्यातून कळते एवढेच की उत्तर देणारा शुद्धीवर होता.

आणि ०.७ हा उंबरठा? त्यासाठी जम ननली यांच्या मनोमापनाच्या पाठ्यपुस्तकाच्या १९७८ च्या आवृत्तीचा हवाला दिला जातो. तिथे ०.७० हे संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्याला पुरेसे मानले आहे. पायाभूत संशोधनाला ०.८०, आणि एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा असेल, म्हणजे निवड, बढती, उपचार, तर किमान ०.९०, शक्यतो ०.९५. शिवाय १९६७ च्या पहिल्या आवृत्तीत सुरुवातीच्या टप्प्यासाठी ०.५० ते ०.६० सुद्धा चालेल असे होते! लेखकाने स्वतः बदललेला, कामाच्या टप्प्यानुसार वेगळा असणारा आकडा आपण दगडावर कोरून ठेवला, आणि तो ओलांडला की प्रश्न संपला असे मानू लागलो.

विश्वसनीयता कमी असण्याची किंमत मात्र कुणी सांगत नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी ती १९०४ मध्येच काढून दाखवली होती. दोन गुणांमधला खरा संबंध ०.५ असेल आणि दोन्ही मापनांची विश्वसनीयता ०.६ असेल, तर फाइलमध्ये दिसेल ०.३. मग विद्यार्थी म्हणतो, संबंध कमकुवत निघाला, नमुना वाढवू का? नमुना वाढवून ०.३ आणखी ठळक ०.३ होईल. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

या तीन ओळींखेरीज एक गोष्ट आहे जी आराखड्यात कधी लिहिलेलीच नसते, कारण ती सगळ्यांना गृहीत वाटते : कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाला, एकाच फॉर्ममध्ये, एकाच बैठकीत विचारायचे. वरिष्ठ न्यायी आहेत का? पाच. तुम्ही समाधानी आहात का? पाच. त्या दिवशी त्या माणसाचा मूड बरा होता, किंवा तो सगळ्याला ‘सहमत’ म्हणणारा आहे, किंवा त्याला फॉर्म लवकर संपवायचा होता. या तिन्ही कारणांनी दोन्ही आकडे एकत्र वर जातात. फिलिप पॉडसॅकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या दोषाचा सविस्तर आढावा घेतला. त्यानंतर प्रबंधांमध्ये बदल काय झाला, तर ‘हार्मन यांची एक-घटक चाचणी केली, पहिला घटक ५० टक्क्यांपेक्षा कमी निघाला, त्यामुळे दोष नाही’ असे एक वाक्य वाढले. सगळ्या उत्तरांमागे एकच घटक आहे का एवढेच ही चाचणी बघते, आणि ती किती तोकडी आहे हे त्याच आढाव्यात सांगितलेले आहे. उपाय विश्लेषणात नाही, आखणीत आहे : एक चल दुसऱ्या कुणाकडून घ्या, किंवा दोन फॉर्ममध्ये काही आठवडे जाऊ द्या, किंवा निदान एक बाजू नोंदींवरून घ्या. आणि मध्यस्थ चलाची, म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामधल्या दुव्याची, बाणांची चित्रे काढायची असतील तर माहिती एकाच दिवशी गोळा करून अमुक आधी घडले, तमुक नंतर, हे कसे ठरवायचे, ते मार्गदर्शकांनी मला समजावून सांगावे; मी शिकायला तयार आहे.

आता थोडे अप्रिय बोलतो.

विद्यार्थ्याला माहीत असते की परिकल्पना, म्हणजे सुरुवातीला मांडलेला अंदाज, सिद्ध झाली नाही तर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) घाम फुटेल. म्हणून तो फाइल हलवत राहतो. हे उत्तर काढून बघू, स्त्री-पुरुष वेगळे करून बघू, दोन विधाने वगळून बघू. जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सिमनसोन यांनी २०११ मध्ये दाखवले की अशा चार निरुपद्रवी वाटणाऱ्या सवलती एकत्र घेतल्या तर काहीही नसताना ‘सार्थक’ निष्कर्ष मिळण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या वर जाते. नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये याच कुळातल्या दुसऱ्या सवयीला नाव दिले : निकाल बघून मग परिकल्पना लिहायची आणि ती आधीपासूनच होती असे दाखवायचे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून बघितले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच सार्थक निघाले. आणि २०२० मध्ये जेसिका फ्लेक आणि आयको फ्रीड यांनी लक्षात आणून दिले की या सगळ्या चर्चेत एक जागा दुर्लक्षित राहिली, ती मापनाची. कुठली श्रेणी, किती विधाने, कुठली वगळली, गुण कसे दिले, हेच अनेक शोधनिबंधांत सांगितलेले नसते. मग पुन्हा करून बघणार तरी काय?

व्यवस्थापनाच्या वर्गात स्टीव्हन कर यांचा १९७५ चा लेख आवर्जून शिकवला जातो (हे कर वेगळे, वरचे नॉर्बर्ट वेगळे) : बक्षीस द्यायचे एका गोष्टीला आणि आशा धरायची दुसऱ्याच गोष्टीची, हा मूर्खपणा आहे. तो लेख शिकवणाऱ्या विभागाच्या समितीत बसून आपण फॉर्मची संख्या आणि परिकल्पना सिद्ध होणे यांना मान डोलावतो. मग विद्यार्थी तेच आणून देतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, ते हुशार आहेत.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? मुदत ठरलेली असते, प्रत्येक बैठकीत आराखड्यांचा ढीग असतो, एकेका आराखड्याला जेमतेम काही मिनिटे मिळतात. मान्य. म्हणूनच फार मागत नाही.

आराखड्याबरोबर संपूर्ण प्रश्नावली जोडलेली असल्याशिवाय तो बैठकीपुढे घेऊ नका. नाव नको, प्रत्यक्ष विधाने हवीत. ती समितीत मोठ्याने वाचा. ‘माझे वरिष्ठ न्यायी आणि मदतीला तत्पर आहेत’ हे वाक्य मोठ्याने वाचले की कुणाच्या तरी लक्षात येतेच, की वरिष्ठ न्यायी असून तुसडे असतील तर काय लिहायचे? प्रत्येक चलासाठी विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्या : त्याची व्याख्या, ते कुणाला विचारणार, हीच श्रेणी का, अशाच लोकांवर ती आधी कुणी तपासली, विश्वसनीयता आणि सप्रमाणतेचा पुरावा काय, वापरायची परवानगी आहे का. पायलट (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) म्हणजे तीस फॉर्म भरून अल्फा काढणे नव्हे; पाच-सहा जणांसमोर बसून त्यांना विधान कसे समजले ते ऐकणे, याचीही पायलटमध्ये गणना करा. नमुन्याच्या आकड्यामागचे गणित मागा, तक्ता मागू नका. विश्लेषणाचा बेत माहिती गोळा करण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवायला लावा. पूर्वनोंदणीच्या विनामूल्य सोयी आज उपलब्ध आहेत, आणि नाहीच जमले तर समितीच्या फाइलमध्ये सहीची एक प्रत ठेवली तरी पुरते. तो बेत पुढे बदलला तर बदलू द्या, फक्त बदलाची नोंद असावी.

आणि हे सगळे नीट करून परिकल्पना टिकली नाही, तर तो प्रबंध पूर्ण गुणांनी मंजूर करा. काही नियतकालिकांनी २०१३ पासून हे सुरू केले आहे : निकाल यायच्या आधी, केवळ प्रश्न आणि पद्धत पाहून लेख स्वीकारायचा. तुमची आराखडा मंजुरी ही मुळात हीच व्यवस्था आहे. नियतकालिकांना जे नव्याने उभारावे लागले ते तुमच्या हातात आधीपासून आहे, फक्त त्या बैठकीत पद्धतीविषयी खरोखर बोलले जायला हवे.

माझ्याकडून एक देऊ करतो. ज्या समितीला हवे असेल तिने मला आराखड्याच्या बैठकीला बोलवावे. मी येईन, मागे बसेन, आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही. शेवटी वरातीमागून घोडे नाचवण्यापेक्षा मला ते परवडेल.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. नोंदी मिळवायला वेळ उरला नव्हता. आम्ही दोघांनी बसून प्रबंधाच्या शीर्षकात ‘कामगिरी’च्या जागी ‘स्वतःच्या कामगिरीविषयीची धारणा’ असे लिहिले आणि शीर्षक बदलाचा अर्ज समितीकडे पाठवला. तो एका बैठकीत मंजूर झाला. कारणाचा रकाना तिने भरला होता. त्याविषयी तिला कुणी काही विचारले नाही.

कळावे,

आपला,
प्रबंधाच्या शेवटी बोलावला जाणारा एक संख्याशास्त्राचा माणूस